इंग्रजी कादंबरीसाठी एजंट शोधताना

मराठीत पुस्तक काढताना मध्ये एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीनं प्रकाशकाला पुस्तक विकणारा मध्यस्थ, नसतो. लेखक हस्तलिखित घेऊन थेट प्रकाशकाकडे जातो, कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकरवी शब्द टाकतो आणि दोनेक महिन्यांनी फोन करून ‘वाचून झालं का’ म्हणून विचारतो. लंडन-न्यूयॉर्कच्या प्रकाशन व्यवहारात हे चालत नाही. तिथल्या मोठ्या प्रकाशनसंस्था बहुतेक वेळा एजंटमार्फत आलेलंच हस्तलिखित वाचायला घेतात, एजंट मात्र अनोळखी लेखकांची पत्रं वाचतात, आणि विचारपूस करणारा फोन कुणालाच नको असतो. पुण्यात, पणजीत, इंदुरात किंवा न्यू जर्सीत राहून पहिली इंग्रजी कादंबरी पुरी करत आणलेल्या मराठी माणसासाठी ही रीत इथे पहिल्यापासून मांडतो आहे.

माझा भर एका गोष्टीवर राहील. पत्रं अशा बेतानं पाठवा, की आलेलं उत्तर आणि न आलेलं उत्तरसुद्धा तुम्हाला पुढे काय करायचं ते सांगेल. वाट पाहणं हा या कामाचा सर्वांत लांब टप्पा आहे आणि त्याची तयारी पहिलं पत्र जाण्याआधीच करावी लागते.

एजंट हवाच आहे का?

ब्रिटन-अमेरिकेतल्या मोठ्या प्रकाशकांपर्यंत कादंबरी, आत्मकथन किंवा कथेतर पुस्तक पोचवायचं असेल तर हवाच. कवितासंग्रह एजंट सहसा घेत नाहीत. कविता छोट्या प्रकाशनसंस्थांकडे आणि नियतकालिकांकडे थेट जाते. पहिल्या कथासंग्रहासाठीही एजंट मिळणं अवघड असतं.

वाचक मुख्यतः भारतातला डोळ्यांपुढे असेल तर भारतातले एजंट आधी पाहा. दिल्लीच्या रायटर्स साइड आणि रेड इंक, जयपूरची सियाही, अलीकडच्या काळातली अ सूटेबल एजन्सी ही त्यातली ठळक नावं. इथले काही इंग्रजी प्रकाशक लेखकाकडून थेट आलेलं हस्तलिखितही स्वीकारतात. हे नियम वरचेवर बदलतात, म्हणून पाठवायच्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावरची सूचना पुन्हा एकदा वाचावी.

एजंटचं पोट कशावर चालतं हे सुरुवातीलाच समजून घ्या. लेखकाला जे मिळेल त्यातले साधारण १५ टक्के एजंटचे. परदेशात हक्क विकताना तिथला सहएजंट मध्ये आला की २० टक्के. पुस्तक विकलं गेलं नाही तर एजंटला काहीच मिळत नाही. अनोळखी पत्रं वाचण्याचे त्याला कुणी पैसे देत नाही. ज्यांची पुस्तकं त्यानं घेतलेली आहेत त्या लेखकांचं काम आधी, तुमचं पत्र संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी. उत्तरं उशिरा का येतात, कधी येतच का नाहीत, याचं कारण या व्यवस्थेत आहे.

आधी पुस्तक पुरं करा

कादंबरी पूर्ण झाल्याशिवाय, आणि किमान दोन चोखंदळ वाचकांच्या हातून गेल्याशिवाय एकही पत्र पाठवू नका. एखाद्या एजंटनं पत्र वाचून दुसऱ्या दिवशी सगळं हस्तलिखित मागितलं, तर ते त्या दिवशी तयार असलं पाहिजे. कथेतर पुस्तकाचं वेगळं आहे. तिथे पूर्ण पुस्तकाऐवजी प्रस्ताव लागतो: विषय, वाचक कोण, याच विषयावरची इतर पुस्तकं कोणती, प्रकरणवार आराखडा आणि एक-दोन नमुना प्रकरणं. आत्मकथनासाठी मात्र पुष्कळ एजंट कादंबरीसारखंच पूर्ण हस्तलिखित मागतात.

शब्दसंख्या तपासा. प्रौढांसाठीची पहिली कादंबरी साधारण ८०,००० ते १,००,००० शब्दांची असावी अशी अपेक्षा असते. अद्भुतकथेला १,२०,००० पर्यंत सूट मिळते. किशोरांसाठीची कादंबरी ५०,००० ते ८०,००० च्या आसपास. तुमची कादंबरी दोन लाख शब्दांची असेल तर पुष्कळ ठिकाणी आकडा पाहूनच नकार येईल. कापण्यासारखं काय आहे ते पत्र लिहायच्या आधी पाहा.

यादी

‘सगळ्यांना पाठवून बघू, कुठेतरी लागेल’ हा विचार सोडून द्या. तुमच्या प्रकारचं पुस्तक खरोखर विकणारे चाळीस-पन्नास एजंट शोधणं हे काही आठवड्यांचं काम आहे आणि ते मनापासून करण्यासारखं आहे.

सुरुवात घरातल्या कपाटापासून करा. गेल्या चार-पाच वर्षांत आलेल्या, तुमच्या पुस्तकाच्या जवळ जाणाऱ्या कादंबऱ्या काढा आणि त्यांची ऋणनिर्देशाची पानं वाचा. लेखक तिथे जवळजवळ नेहमीच एजंटचं नाव घेतो. त्यानंतर क्वेरीट्रॅकर हे संकेतस्थळ. तिथे एजंटांची यादी असते आणि कोण किती दिवसांत उत्तर देतो, कोण अजिबात देत नाही, हे इतर लेखकांनी नोंदवलेलं असतं. वाट पाहण्याच्या काळात या नोंदी फार उपयोगी पडतात. मॅन्युस्क्रिप्ट विश लिस्टवर एजंट आपल्याला काय हवंय ते स्वतःच्या शब्दांत लिहितात. कुणी कुठल्या प्रकाशकाला काय विकलं हे पब्लिशर्स मार्केटप्लेसवर कळतं. त्याला पैसे पडतात, पण यादी करताना एक महिन्याची वर्गणी भरली तरी पुरते. ब्रिटनसाठी रायटर्स अँड आर्टिस्ट्स इयरबुक हे दरवर्षी निघणारं जाडजूड पुस्तक शंभरहून अधिक वर्षं लेखकांच्या हाताशी आहे.

प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा: सध्या पत्रं स्वीकारतात का, नेमकं काय मागतात, किती आठवड्यांत उत्तर देतो म्हणतात, आणि त्याच संस्थेत आणखी कोण आहे. एका संस्थेत एका वेळी एकाच एजंटला पत्र जातं. काही संस्थांत एकाचा नकार हा सगळ्यांचा नकार मानला जातो, त्यामुळे पहिलं नाव विचारपूर्वक निवडा.

पत्र

या पत्राला तिकडे क्वेरी म्हणतात. लांबी २५० ते ३५० शब्द. त्यात पुस्तकाचं नाव, प्रकार, शब्दसंख्या, कथेची दोन छोट्या परिच्छेदांत ओळख, जवळची दोन अलीकडची पुस्तकं आणि तुमच्याबद्दल दोन-तीन वाक्यं. याच एजंटला का पाठवता आहात याचं खरं कारण असेल तर एका वाक्यात सांगा. नसेल तर ओढूनताणून स्तुती करू नका.

सगळ्यात जास्त पत्रं पडतात ती कथेच्या ओळखीत. आपण मराठीत ब्लर्ब आणि परीक्षणं वाचून वाढलेलो असतो, म्हणून हात आपोआप असं लिहितो: ‘ही कादंबरी ग्रामीण महाराष्ट्राचं बदलतं वास्तव, सहकाराचा ऱ्हास आणि स्त्रीच्या घुसमटीवर प्रखर भाष्य करते.’ या वाक्यात पुस्तक कुठेच नाही. अशा वर्णनाच्या शंभर कादंबऱ्या असू शकतात.

तेच असं लिहून पाहा: ‘३४ वर्षांची सुमन साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून आहे. दर ट्रॉलीमागे थोडा ऊस कागदावरून नाहीसा होतो हे तिला ठाऊक आहे, आणि गप्प राहण्याच्या बदल्यात तिची नोकरी कायम झाली आहे. या हंगामात तिच्या वडिलांची ट्रॉली काट्यावर येते. खरं वजन लिहिलं तर नोकरी जाईल आणि कारखान्याच्या अध्यक्षांच्या शब्दावर जुळलेलं धाकट्या भावाचं लग्नही मोडेल. खोटं लिहिलं तर सोसायटीचं कर्ज फिटणार नाही आणि वडिलांची उरलेली दोन एकरं जातील.’

माणूस कोण, त्याला काय हवंय, आड काय येतंय आणि चुकलं तर काय गमवावं लागेल, एवढं यात आलं. शेवट सांगितलेला नाही. पत्रात तो सांगायचा नसतो. काटा मारणं म्हणजे काय हे कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला सांगावं लागत नाही. न्यूयॉर्कच्या एजंटला ते माहीत नाही, पण त्यासाठी सहकारी चळवळीचा इतिहास द्यायची गरज पडली नाही, कृतीतूनच कळलं. परक्या वाचकासाठी आपलं जग समजावून सांगताना हाच मार्ग धरा. भारताविषयी प्रस्तावना लिहीत बसलात की २५० शब्द तिथेच संपतात.

जवळची पुस्तकं सांगताना गेल्या तीन ते पाच वर्षांतली निवडा. अभिजात ग्रंथांशी किंवा जगभर लाखो प्रती खपलेल्या पुस्तकाशी तुलना केली की एजंटला त्यातून काहीच कळत नाही. तुमचा वाचक आज दुकानात कुठल्या पुस्तकाशेजारी उभा असेल, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं.

आपल्याकडच्या पत्रलेखनाच्या काही सवयी इथे बाजूला ठेवाव्या लागतात. ‘रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम’ नको. एजंटचं नाव घाला, आणि स्पेलिंग दोनदा तपासा. ‘हा माझा छोटासा प्रयत्न आहे, चुकभूल द्यावी’ ही आपल्याकडची शालीनता तिथे आत्मविश्वासाच्या अभावासारखी वाचली जाते. त्याउलट टोकाचं, म्हणजे ‘वाचक हे पुस्तक खाली ठेवूच शकणार नाहीत’, हेही नको. तालुक्यापासूनच्या सगळ्या पुरस्कारांची आणि सत्कारांची यादी गाळा. मात्र मराठीत तुमची पुस्तकं प्रसिद्ध असतील, दिवाळी अंकांतून सातत्यानं लेखन असेल, तर ते एका वाक्यात जरूर लिहा. आणि तुम्ही स्वतः कारखान्याच्या काट्यावर दहा वर्षं काढली असतील तर ते सर्वांत आधी. काहीच सांगण्यासारखं नसेल तर गाव आणि व्यवसाय पुरे. पहिल्या पुस्तकाच्या लेखकाकडून त्याहून जास्त कुणी मागत नाही.

‘कथा चोरली तर?’ ही भीती मला नवोदितांकडून नेहमी ऐकू येते. लिहिल्या क्षणापासून त्यावर तुमचाच कॉपीराइट असतो, नोंदणीची अट नाही. पत्रात कॉपीराइटचे इशारे घालू नका. त्यानं संरक्षण वाढत नाही आणि पत्र नवख्याचं वाटतं.

सोबत काय जोडायचं

अमेरिकेत साधारणपणे पत्रासोबत पहिली पाच-दहा पानं, कधी एका पानाचं सिनॉप्सिस. ब्रिटनमध्ये पत्र, सिनॉप्सिस आणि पहिली तीन प्रकरणं किंवा सुमारे १०,००० शब्द. सिनॉप्सिसमध्ये शेवटासकट सगळी कथा सांगायची असते. पानं मागितली असतील तर पहिलीच द्या, मधलं आवडतं प्रकरण नाही. फाइल वर्डमध्ये, १२ पॉइंटचा साधा टंक, दुप्पट ओळ-अंतर. मागितल्याशिवाय मेलला काही जोडू नका. पुष्कळ ठिकाणी अशी मेल न उघडताच काढून टाकतात. आता बरेच एजंट मेलऐवजी क्वेरीमॅनेजर या संकेतस्थळावरचा ऑनलाइन फॉर्म वापरतात, तिथे प्रत्येक रकान्याची मर्यादा पाळावी लागते.

टप्प्याटप्प्यानं पाठवा

एकच कथा एकाच वेळी दोन दिवाळी अंकांकडे पाठवणं आपल्याकडे गैर मानतात. एजंटांच्या बाबतीत उलट आहे. एकाच वेळी अनेक एजंटांना पत्र जाणं हीच रूढ पद्धत आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. कुणी ‘फक्त मलाच द्या’ म्हटलंच, तर मुदत ठरवून घ्या, चार आठवडे वगैरे.

पण चाळीसही पत्रं एकदम पाठवू नका. पहिल्या फेरीत सात-आठ पुरेत, आणि त्यात लवकर उत्तर देणारे काहीजण असू द्या. पुढचा सगळा शहाणपणा इथून मिळतो. सात-आठही ठिकाणांहून नकार किंवा शांतता आली आणि एकानंही पानं मागितली नाहीत, तर दोष पत्रात किंवा पहिल्या पाच पानांत शोधा. दुरुस्त करून दुसरी फेरी पाठवा. काही प्रकरणं मागितली गेली पण पुढे पूर्ण हस्तलिखित कुणी मागितलं नाही, तर पत्र आपलं काम करतंय आणि सुरुवातीची प्रकरणं कमी पडताहेत. पूर्ण हस्तलिखितं वाचून परत येत असतील तर पुस्तकाच्या मध्याकडे किंवा शेवटाकडे पाहावं लागेल. सगळ्यांना एकाच दिवशी पाठवणाऱ्याला ही दुरुस्तीची संधी उरत नाही. एकदा नकार दिलेल्या एजंटला तेच पुस्तक, मोठा फेरबदल केल्याशिवाय, पुन्हा पाठवता येत नाही.

नोंद ठेवा. साधी एक्सेलची शीट चालेल: नाव, संस्था, तारीख, काय पाठवलं, पत्राची कितवी आवृत्ती, उत्तर, उत्तराची तारीख. शेवटचा रकाना ‘कधी विचारायचं’. ही तारीख पाठवतानाच लिहून ठेवली की रोज मेल उघडून त्या एजंटचा विचार करावा लागत नाही.

वाट पाहण्याचे महिने

पत्राला उत्तर यायला सहा ते बारा आठवडे लागणं अगदी सामान्य आहे. काहींचं दोन दिवसांत येतं, काहींचं सहा महिन्यांनी. पूर्ण हस्तलिखित वाचायला तीन महिने लागतात, बऱ्याचदा त्याहून जास्त. ऑगस्टमध्ये तिकडे सुट्ट्या असतात. लंडनचा पुस्तक मेळा मार्चमध्ये आणि फ्रँकफर्टचा ऑक्टोबरमध्ये. त्याच्या आगेमागे एजंट हक्कांच्या विक्रीत गुंतलेले असतात. डिसेंबरात काही संस्था पत्रं घेणंच थांबवतात.

‘उत्तर आलं नाही तर नकार समजावा’ असं ज्यांनी लिहून ठेवलंय, त्यांना विचारपूस करायची नाही. दिलेली मुदत उलटली की शीटवर ती ओळ बंद करा आणि पुढचं पत्र पाठवा. ज्यांनी उत्तराचं आश्वासन दिलंय त्यांना मुदत संपल्यावर आठवडाभर थांबून दोन ओळींची मेल चालते: अमुक तारखेला अमुक पुस्तक पाठवलं होतं, अजून विचाराधीन आहे का. पूर्ण हस्तलिखिताबाबत तीन महिन्यांनी असंच विचारावं. फोन नाही, इन्स्टाग्रामवर संदेश नाही, ओळखीच्या लेखकाकडून आठवण करून देणं नाही.

नकारांचेही प्रकार आहेत. ‘माझ्या यादीत बसत नाही’, ‘मी पुस्तकाशी हवी तितकी जोडली गेले नाही’, ‘हा आवडीनिवडीचा व्यवहार आहे’ ही ठरलेली वाक्यं आहेत. तीच सगळ्यांना जातात, त्यांत आपल्या पुस्तकाविषयी काही शोधू नका. मात्र पात्राचं नाव घेऊन, एखाद्या प्रसंगाचा उल्लेख करून दोन ओळी लिहिल्या असतील तर एजंटनं स्वतःचा वेळ दिला आहे. त्या ओळी शीटवर शब्दशः उतरवा. दोन वेगवेगळ्या एजंटांनी एकच गोष्ट म्हटली तर तिच्यावर काम करा. वाद घालणारं उत्तर कधीही पाठवू नका.

‘बदल करून पुन्हा पाठवा’ असं पत्र आलं तर आनंद वाटेलच, पण ते वचन नसतं. सुचवलेले बदल तुम्हाला स्वतःला पटतात का, हा विचार करायला आठवडा घ्या. पटले तर घाई न करता करा. दोन-तीन महिने लागले तरी चालतात.

या महिन्यांत हाताला दुसरं पुस्तक हवं. मी हे मन रमवण्यासाठी सांगत नाही. एजंट बोलायला तयार झाला की ‘पुढे काय लिहिताय’ हे बहुतेक वेळा विचारतोच.

पैसे मागणारे

मराठीत लेखकानं पदरचे पैसे घालून पुस्तक काढणं इतकं सर्रास झालंय, की कुणी पैसे मागितले तर आपल्याला खटकत नाही. इथे ते खटकलंच पाहिजे. खरा एजंट वाचनाची फी, नोंदणी फी, संपादनाचं शुल्क असं काहीही मागत नाही. अमेरिकेतली असोसिएशन ऑफ अमेरिकन लिटररी एजंट्स आणि ब्रिटनमधली असोसिएशन ऑफ ऑथर्स एजंट्स या संघटनांचे सदस्यांसाठी आचारनियम आहेत. तुम्ही पत्र न पाठवताच कुणी मेल करून पुस्तकाची भरभरून स्तुती केली, हॉलिवूडमध्ये रस असल्याचं सांगितलं आणि मग खर्चाचा आकडा कळवला, तर ती फसवणूक आहे. खऱ्या एजंटांची नावं घेऊन असे मेल येतात, म्हणून पाठवणाऱ्याचा पत्ता संस्थेच्या संकेतस्थळावरच्या पत्त्याशी ताडून पाहा. रायटर बीवेअर हा उपक्रम १९९८ पासून अशा प्रकारांची नोंद ठेवतो. शंका आली की तिथे नाव शोधा.

होकार आला तर

एजंट बहुधा बोलण्यासाठी वेळ मागतो. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं, म्हणजे आपली संध्याकाळ सोयीची. प्रश्न लिहून ठेवा. पुस्तकात काय बदल हवेत? कुठल्या संपादकांना दाखवणार? हे पुस्तक विकलं गेलं नाही तर पुढच्याचं काय? परदेशी आणि चित्रपटाचे हक्क कोण पाहतं? करार मोडायचा झाला तर किती दिवसांची सूचना?

त्याच फोनवर हो म्हणू नका. दोन आठवडे मागा; ही रीतच आहे. ज्यांच्याकडे तुमचं पत्र किंवा हस्तलिखित अजून आहे त्या सगळ्यांना प्रस्ताव आल्याचं आणि कुठल्या तारखेपर्यंत उत्तर हवंय ते कळवा. महिनोन्महिने गप्प असलेले एजंटही या मेलनंतर वाचायला बसतात.

भारतात राहणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. अमेरिकेतून येणाऱ्या रॉयल्टीवर तिथे ३० टक्के कर कापला जातो. डब्ल्यू-८बेन हा फॉर्म पॅन क्रमांकासह भरून दिला, की भारत-अमेरिका करकरारानुसार तो १५ टक्क्यांवर येतो. कराचा हिशेब सीएकडून करून घ्या.

मराठी पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद असेल तर

अनुवादाचे हक्क कुणाकडे आहेत ते आधी पाहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला देण्याचा करार लेखी आणि सही केलेला असावा लागतो. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरला जातो. तोंडी ठरलेलं असेल तर अनुवादाचे हक्क लेखकाकडेच आहेत. जुना करार शोधून प्रत्येक कलम वाचा, अनुवादकाला लेखी परवानगी द्या, आणि पत्रात हक्कांची स्थिती एका वाक्यात स्पष्ट करा. अनुवादित साहित्य घेणारे एजंट थोडे असल्यामुळे अनुवादक पुष्कळदा थेट प्रकाशकाकडेच नमुना प्रकरणं पाठवतात. चालू असलेल्या अनुवादासाठी पेन अमेरिका या लेखकांच्या संघटनेचा पेन/हाइम निधी आहे, त्याला अनुवादकानं अर्ज करायचा असतो.

यादी संपली तर

चाळीस-पन्नास नावं संपली, पत्र दोनदा बदलून झालं, तरी होकार नाही, असं चांगल्या पुस्तकांच्या बाबतीतही होतं. ब्रिटन-अमेरिकेतल्या काही छोट्या प्रकाशनसंस्था वर्षातून ठरावीक काळ थेट हस्तलिखितं घेतात, त्यांचे दिवस पाहून ठेवा. नवं पुस्तक तयार झालं की जुन्या एजंटांना पुन्हा लिहिता येतं, कारण पहिला नकार त्या पुस्तकाला होता. शीट उघडा, ज्यांनी ठरलेल्या वाक्यांपलीकडे दोन ओळी लिहिल्या होत्या त्यांची नावं नव्या यादीत सर्वांत वर घ्या, आणि पत्राच्या पहिल्या वाक्यात त्या जुन्या उत्तराचा उल्लेख करा.